मांजर, बटाटा आणि दूध-भात

मांजर असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कुकर नुकताच उघडलेला असतो, बटाटे सोलायचं काम चालू असतं, आणि ओट्याखाली शेपूट उभी करून एक प्राणी असा काही ओरडत असतो की पाहणाऱ्याला वाटावं, तीन दिवसांचा उपाशी आहे. कोणीतरी विचारतं, "हिला एक तुकडा देऊ का? चालतो ना बटाटा मांजरांना?" लगेच घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "दे की, एवढ्याशाने काय होतंय!" दुसरा पक्ष मोबाईल काढून शोधायला लागतो आणि दोन मिनिटांत "बटाटा म्हणजे विष" इथपर्यंत पोचतो.

तर मंडळी, या विकांताचा विषय हाच. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. साल काढलेला, पूर्ण उकडलेला, बिनमिठाचा, बिनफोडणीचा बटाटा, नखाएवढा, कधीतरी... चालतो. धडधाकट मोठ्या मांजराला त्याने काहीही होत नाही. फायदाही फारसा होत नाही, पण खाऊ हा फायद्यासाठी नसतोच.

आता ज्यांना घाई नाही त्यांनी थांबा. कारण माझ्या मते "बटाटा चालतो का" हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे "बाकी दिवसभर ते मांजर काय खातं?" तो सहसा कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत खरी गडबड तिथेच आहे.

आधी बटाट्याचा निकाल लावू.

मांजराला बटाटा कळतो का?

मांजराला गोड चव कळत नाही. हे कौतुकाने किंवा अंदाजाने म्हणत नाहीये. गोड चव ओळखणारा रिसेप्टर दोन जनुकांपासून बनतो, आणि मांजराच्या जातीत त्यातलं एक जनुक मोडकं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर म्हणून संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली हे दाखवून दिलं. म्हणजे कोड आहे, पण तो कधी रनच होत नाही. मांजरच नव्हे, वाघ आणि चित्त्याचीही तीच कथा.

आता बटाट्यात असतं काय? पाणी, त्याखालोखाल स्टार्च, आणि 100 ग्रॅमला जेमतेम 2 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे मांजराच्या जिभेला त्यात दखल घेण्यासारखं काहीच नाही. मग ते एवढं का ओरडतं? कारण बटाट्याला लागलेलं तूप, बोटांना लागलेलं लोणी, किंवा निव्वळ "तुम्ही काहीतरी करताय आणि मला देत नाही आहात" ही तक्रार. मांजराचा जीव बटाट्यात नसतो, बटाट्याच्या आजूबाजूच्या गोष्टींत असतो. पुढचं सगळं समजायला हे एक वाक्य लक्षात ठेवा, कारण धोकाही आजूबाजूच्या गोष्टींतच आहे.

मग पोटाला झेपतो का?

झेपतो. आपल्या लाळेत स्टार्च फोडणारं अमायलेज असतं, म्हणून पोळी बराच वेळ चावली की गोड लागते. मांजराच्या लाळेत त्याचा जवळजवळ पत्ता नसतो. स्वादुपिंडात असतं, पण कमी. तरीही नीट शिजवलेला आणि बारीक केलेला स्टार्च मांजरं बऱ्यापैकी पचवतात. कच्चा मात्र नीट पचवत नाहीत. तेव्हा कच्च्या बटाट्याचा काप द्यायचा नाही.

आणि गंमत म्हणजे तुमच्या मांजराने बटाटा आधीच खाल्लेला असण्याची शक्यता आहे! दुकानातून आणलेल्या कोरड्या खाद्याचे दाणे बनायलाच स्टार्च लागतो, नाहीतर त्याचा दाणा धरत नाही. तो कधी तांदूळ-मक्याचा असतो, तर "ग्रेन-फ्री" लिहिलेल्या पाकिटात बरेचदा बटाट्याचा किंवा वाटाण्याचा. जादा पैसे मोजून धान्य टाळायचं आणि त्याऐवजी बटाटा घ्यायचा, याला मार्केटिंग म्हणतात. असो.

खरे गुन्हेगार

आपल्या घरात नुसता बटाटा क्वचितच असतो. बटाट्याची भाजी असते, रस्सा असतो, वडा असतो, पावभाजी असते. या सगळ्यांत मांजरासाठी खरं विष असतं ते म्हणजे कांदा आणि लसूण.

कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत आपल्यापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही नाजूक असतं. पेशी फुटायला लागतात आणि मांजराला रक्तक्षय होतो. वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांदा एवढ्यानेही मांजराच्या रक्तात गंभीर बदल झाल्याची नोंद पशुवैद्यकीय साहित्यात आहे. म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम. मध्यम कांद्याची एक चतकोर फोडसुद्धा त्याहून जड भरेल. लसूण तर कांद्यापेक्षा तीव्र. शिजवून, तळून, वाळवून यातलं काहीही निघून जात नाही. त्यामुळे रश्श्यातला बटाटा धुऊन देणं म्हणजे सुरक्षित झालं असं नव्हे, रस आत गेलेलाच असतो. आणि वेफर्सच्या पाकिटावर "क्रीम अँड अनियन" लिहिलेलं असेल तर त्यात कांद्याची पावडर आहे, म्हणजे कांदा एकवटलेलाच.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की लक्षणं लगेच दिसत नाहीत. बरेचदा काही दिवसांनी दिसतात. मांजर मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, श्वास जोरात चालतो, लघवीचा रंग गडद तांबूस होतो. तोवर "परवा वडा खाल्ला होता" हे कोणाच्या लक्षातही नसतं. तेव्हा मांजराने कांदा-लसूण खाल्ल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच पशुवैद्यांना फोन करा. आणि मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचे घरगुती प्रयोग अजिबात नकोत, मीठ स्वतःच मांजराला बाधतं.

दुसरा गुन्हेगार म्हणजे हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो बिचारा निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो रंग येतो त्याच उजेडाने सोलानिन वगैरे विषारी द्रव्यंही वाढतात. तीही उकडून जात नाहीत. ती मुख्यतः सालीत, मोडांत आणि डोळ्यांजवळ असतात, म्हणून साल काढायची. असा बटाटा आपणही खाऊ नये, मग चार किलोच्या जिवाला काय द्यायचा? बाल्कनीतल्या कुंडीत कोणी हौसेने बटाटा लावला असेल तर त्याची पानंही मांजरापासून लांब ठेवा.

आता एखादा हुशार म्हणेल, मग उपासाची भाजी चालेल! कांदा नाही, लसूण नाही, फक्त जिरं, मिरची, तूप, मीठ. नाही हो. मिरची आणि मीठ आहेच की. मांजराला उपास नसतो आणि पुण्यही लागत नाही.

थोडा हिशेब

पेशाने प्रोग्रामर असल्यामुळे आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. चार किलोच्या घरगुती मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात. पशुवैद्य सर्वसाधारणपणे सांगतात की खाऊ म्हणून जे काय द्याल ते दिवसभराच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवा. म्हणजे 20 ते 25 कॅलरी. उकडलेल्या बटाट्यात 100 ग्रॅमला सुमारे 86 कॅलरी असतात. म्हणजे कागदावर 25 ग्रॅमच्या आसपास बटाटा बसतो.

पण कागदावर बसतो म्हणून भरायलाच हवा असं नाही. डिस्क रिकामी आहे म्हणून आपण त्यात कचरा टाकतो का? (उत्तर देऊ नका.) माझ्या मते चहाचा एक चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, कुस्करून, गार करून, आठवड्यातून एखादवेळी. कॅलरी होतात चार. त्याहून जास्त देण्याचं एकही कारण मला सापडलेलं नाही. मांजर लठ्ठ असेल, मधुमेही असेल, त्याचं कसलं पथ्य चालू असेल किंवा पिल्लू असेल, तर तेही नको.

इथे बटाट्याचं प्रकरण संपलं. आता उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे.

आजीचं मांजर

"आमच्या आजीचं मांजर दूध-भातावर चौदा वर्षं जगलं." हे वाक्य ऐकलं नाही असा मांजरवाला महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. मला ते खोटं वाटत नाही. आजीने खरंच दूध-भात घातला असणार, आणि मांजर खरंच चौदा वर्षं जगलं असणार. फक्त मधला "वर" चुकीचा आहे. ते दूध-भातावर जगलं नाही. ते उंदरांवर जगलं.

वाड्यात, माळ्यावर, गोठ्यात, परसात उंदीर होते. पाली होत्या, चिमण्या होत्या, टोळ होते. मांजर रात्री बाहेर पडायचं, आपलं खरं जेवण करून यायचं, आणि सकाळी आजीच्या वाटीतला दूध-भात खाऊ म्हणून चाटायचं. आजीला दिसायची ती वाटी. उंदीर दिसायचे नाहीत. (दिसायचे तेव्हा ती किंचाळायची, पण त्याला जेवण म्हणून मोजायची नाही.)

आता तेच मांजर सातव्या मजल्यावरच्या टू-बीएचकेत आणा. बाल्कनीला जाळी आहे, आणि ती असायलाच हवी. घरात पेस्ट कंट्रोल झालेलं आहे. उंदीर सोडा, पालही दिसत नाही. आणि वाटीत तोच दूध-भात, तीच दही-पोळी, वर कौतुकाने उकडलेला बटाटा. आजीची पद्धत आपण जशीच्या तशी उचलली, पण ती ज्याच्या आधारावर चालत होती ते मागेच राहिलं. डिपेंडन्सी न तपासता जुना कोड नवीन मशीनवर टाकला की काय होतं ते आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

जे मागे राहिलं त्यातल्या एका गोष्टीचं नाव आहे टॉरिन. हे एक अमिनो आम्ल आहे. माणूस ते शरीरात बनवू शकतो, मांजर पुरेसं बनवू शकत नाही. वर पचनासाठी लागणाऱ्या पित्तात मांजर ते सतत खर्च करत राहतं. मांसात आणि मासळीत ते असतं, उंदरात तर भरपूर. भातात, पोळीत, बटाट्यात जवळजवळ शून्य. गाईच्या दुधात नाममात्र. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोज पचतही नाही, त्यामुळे दुधाने पोट बिघडतं ते वेगळंच.

टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे 1975 साली प्रसिद्ध झालं. मग 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. हृदयाचे स्नायू सैल पडून मांजरं मरत होती, त्या आजारामागेही टॉरिनची कमतरता होती. विशेष म्हणजे ही मांजरं दूध-भात खाणारी नव्हती. ती बाजारातलं तयार खाद्य खाणारी होती! टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार बघता बघता दुर्मीळ झाला. हृदय वेळेत सावरू शकतं, पण डोळ्याचा गेलेला पडदा परत येत नाही.

टॉरिन हे एकच नाव घेतलं, यादी मोठी आहे. मांजराला गाजर-रताळ्यातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते तयारच मिळावं लागतं. आणि प्रथिनं कमी मिळाली म्हणून त्याचं शरीर काटकसर करत नाही. आपलं शरीर करतं, कुत्र्याचंही बऱ्यापैकी करतं. मांजराचं शरीर प्रथिनं जाळतच राहतं, बाहेरून आली नाहीत तर स्वतःच्या स्नायूंतून काढतं.

"पण आमची तर ठणठणीत आहे"

हे मी दर वेळी ऐकतो. ऑफिसातल्या "माझ्या मशीनवर तर चालतंय" या वाक्याचं हे मांजरी भाषांतर आहे.

टॉरिनची कमतरता मेमरी लीकसारखी असते. सर्व्हर पहिल्या दिवशी छान चालतो, दुसऱ्या आठवड्यातही चालतो, कुठे लाल दिवा लागत नाही. आत मात्र काहीतरी थोडं थोडं संपत असतं. मांजराच्या बाबतीत हे महिनोन्‌महिने चालू शकतं. त्यात मांजर ही जात दुखणं लपवण्यात पटाईत. मांजर सोफ्यावर शांत झोपलंय याचा अर्थ ते सुखात आहे असाही होतो आणि त्याला उठायची ताकद नाही असाही होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

शाकाहारी घरात मांजर

आता थोडं नाजूक बोलतो. आमचं घर शाकाहारी आहे. अंडंसुद्धा येत नाही. मांजर घरी आलं तेव्हा आईने पहिलाच ठराव मांडला, "आपण जे खातो तेच ती खाईल. सवय लावली की होते." मी म्हटलं, "आई, सवयीने तिची आवड बदलेल, यकृत कसं बदलेल?" दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तह झाला. मांजराचं खाद्य बाल्कनीतल्या वेगळ्या डब्यात, वाटी वेगळी, चमचा वेगळा, तो स्वयंपाकघरात येणार नाही. आज तीच आई संध्याकाळी सात वाजता विचारते, "तिचं घातलंस का रे?" तिचं म्हणजे काय, ते मात्र अजून तोंडाने म्हणत नाही :-)

हे सांगायचं कारण, तोडगा निघतो. घरात मासळी आणायची गरज नाही. ज्याच्यावर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" लिहिलंय असं मांजराचंच तयार खाद्य आणा. कुत्र्याचं नको, त्यात मांजराला लागणारं टॉरिन असेलच याची खात्री नसते. कोणाला त्याचाही त्रास होत असेल, तर पोषकद्रव्यं मोजून घातलेलं शाकाहारी तयार खाद्य हा एक वादग्रस्त का होईना पण वेगळा पर्याय आहे, आणि तो पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच करायचा. घरची मुगाची खिचडी म्हणजे तो पर्याय नव्हे.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर माझं स्पष्ट मत, मांजर पाळू नये. यात मला कोणाच्या आहाराला किंवा श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. तुम्ही काय खाता हा तुमचा प्रश्न आणि तुमचा हक्क. पण जाळी लावून, दार बंद करून आपण त्या जिवाची शिकार काढून घेतली. घेतली ते बरंच केलं, रस्त्यावर गाड्यांखाली जाण्यापेक्षा कितीतरी बरं. पण तेव्हापासून त्याच्या ताटात काय पडतं याची सगळीच्या सगळी जबाबदारी आपली. आजीवर ती कधीच नव्हती, कारण आजीचं मांजर स्वतःचं स्वतः बघत होतं. आपलं मांजर स्वतःचं बघू शकत नाही. आपली तत्त्वं आपण समजून-उमजून निवडलेली असतात, त्याने काहीच निवडलेलं नसतं.

तसंच उलटही सांगतो. ज्या मांजराची वाटी नीट भरलेली आहे, त्याच्यासाठी बटाट्याच्या तुकड्यावरून घरात महाभारत करायची गरज नाही. आईने, आजीने, घरकामाच्या मावशींनी प्रेमाने नखाएवढा साधा बटाटा दिला तर देऊ द्या. "विष! विष!" म्हणून त्यांच्या अंगावर धावून जाऊ नका. तुकड्यातून मांजराला काही मिळत नसलं तरी देणाऱ्याला मिळतं, आणि त्या नात्यालाही घरात जागा हवी. फक्त कांदा-लसणाची गोष्ट त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा. एकदा कळलं की ती माणसं आपल्यापेक्षा जास्त काटेकोर असतात, असा माझा अनुभव आहे.

तर पुढच्या वेळी कुकर उघडल्यावर पायाशी आरडाओरडा सुरू झाला, की आधी मांजराच्या वाटीकडे बघा. तिथे त्याचं स्वतःचं, पूर्ण जेवण असेल, तर फोडणी पडायच्या आधी एक छोटा तुकडा बाजूला काढा. नसेल, तर बटाट्याचं नंतर बघू. आधी गॅस बंद करा आणि दुकानात जाऊन या.